रिमोटचा तक्ता ठेवायचा तर आधी मागचं झाकण उघडा

खानापूरच्या एका तरुण मेकॅनिकने विचारलंय: "खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव इथले आम्ही सहा-सात दुरुस्तीवाले मिळून युनिव्हर्सल रिमोटचा एक सामायिक तक्ता ठेवतो. कुठला रिमोट कुठल्या टीव्हीला किंवा डब्याला (सेट-टॉप बॉक्सला) कुठल्या कोडवर चालतो, ते त्यात लिहितो. तीनशेवर ओळी झाल्यात, पण निम्म्यांचा भरवसा नाही. एकाच्या दुकानात चाललेला कोड दुसऱ्याकडे चालत नाही. तक्ता सुधारायचा कसा, की सोडूनच द्यायचा?"

सोडू नका. फक्त त्या तीनशे आकड्याचं कौतुक सोडा. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानातल्या वहीत सत्तावीस वर्षांत मोजून एकशे चाळीस ओळी टिकल्यात. खोडलेल्या त्याच्या दुप्पट असतील.

आधी माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या तक्त्याचा आजार मला त्यात दिसतो. नवीन युनिव्हर्सल रिमोटच्या खोक्यात घडीचा कागद येतो बघा, मुंगीएवढ्या अक्षरांचा, कंपनीचं नाव आणि पुढे तीन आकडी कोड. मी एकदा हौसेने त्यातल्या चाळीसेक ओळी वहीत उतरवून घेतल्या. पुढे जांबोटीकडची एक आजी आली. टीव्हीचं नाव तिने सांगितलं, मी वही बघून कोड घातला, दुकानातल्या त्याच कंपनीच्या टीव्हीवर पॉवर आणि आवाज चालवून दाखवला, पैसे घेतले. चार दिवसांनी आजी परत दारात. "बाळा, तू दिलेला रिमोट निस्ता आवाज वाढवतोय की रे. नातवानं कायतरी दाबलं, पडदा निळा झाला, आता चित्रच येईना." नातवाने टीव्हीचं बटण दाबून सोर्स बदलला होता, आणि माझ्या रिमोटचं सोर्सचं बटण त्या टीव्हीला कळतच नव्हतं. एसटीचे दोन वेळचे पैसे आजीचे गेले, रिमोटचे मी परत दिले. त्या दिवसापासून वहीत नुसतं 'चालतो' लिहायचं नाही, हा माझ्या दुकानाचा नियम.

'चालतो' म्हणजे काय चालतं? एका कंपनीच्या टीव्हीसाठी रिमोटात आठ-दहा कोड भरलेले असतात. त्यातल्या पुष्कळांत पॉवर आणि आवाज सारखाच असतो, मेनू, सोर्स, बाण, ओके हे वेगळे असतात. आणि आपण कोड शोधतो कसा? सेटचं बटण धरून ऑटो सर्च लावतो, टीव्ही बंद झाला की बोट काढतो. म्हणजे पॉवरला उत्तर देणारा पहिला कोड सापडला की शोध थांबला. त्याच्या पुढचा कोड कदाचित पुरा जुळणारा असेल, पण तिथवर आपण जातच नाही. तुमच्या निम्म्या ओळी अशा आल्या असणार, पैजेवर सांगतो. म्हणून पाच बटणं ठरवून घ्या: पॉवर, आवाज, सोर्स, मेनूतले बाण आणि ओके, आणि एक आकडा. पाचही चालली तर 'पूर्ण', नाहीतर कुठलं अडलं ते लिहायचं. 'सोर्स नाही' एवढे दोन शब्द त्या ओळीत असते तर आजीला मी तो रिमोट दिलाच नसता.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमची ओळ नेमकी कशाची आहे? रिमोटच्या पाठीवर छापलेल्या नावाची असेल तर ती ओळ आजच फुटकी समजा. आपल्या बाजारात येणाऱ्या स्वस्त रिमोटांचे साचे दोन-चारच. तोच सांगाडा, तीच बटणं, तेच लाल-हिरवं-पिवळं-निळं. आत मात्र या खेपेला एक बोर्ड, पुढच्या खेपेला दुसरा. नाव तेच राहतं, कोडची यादी बदलते. तुमच्या निपाणीच्या दोस्ताने कोल्हापूरच्या होलसेलवाल्याकडून घेतलेला आणि तुम्ही बेळगावातून घेतलेला रिमोट बाहेरून जुळा भाऊ दिसेल, पण ०२३ कोडवर एकाचा टीव्ही चालू होईल आणि दुसऱ्याचा डीव्हीडी.

तेव्हा झाकण उघडायचं. स्क्रू बहुतेक सेलच्या खाली एक, नाहीतर नुसत्या खाचा. जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवलं की टकटक करत सुटतं. रबराची पट्टी उचलली की हिरवा किंवा बदामी बोर्ड, त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत बोर्डाचा नंबर, कधी पुढे तारीख. चिपवर नंबर मिळेलच असं नाही. स्वस्त रिमोटात चिप म्हणजे काळ्या डांबराचा एक थेंब असतो, वाचायला काहीच नाही. म्हणून बोर्डाचा नंबर हीच ओळीची ओळख. नाव शेजारच्या रकान्यात राहू दे, गिऱ्हाईक नावानेच विचारतं. पण बोर्ड बदलला की ओळ नवीन. मोबाइलने बोर्डाचा फोटो काढून ओळीला जोडलात तर उत्तमच, वर्षाने अक्षरं आठवत नाहीत.

कंपनीचा मूळ रिमोट हातात आला तर तोही उघडून बघा. जुन्या मूळ रिमोटात एक पिवळा किंवा निळा रेझोनेटर (लुकलुकण्याचा ताल ठरवणारा तुकडा) असतो, दोन पायांचा. त्यावर ४५५ लिहिलं असेल तर बाराने भागा, ३८ किलोहर्ट्झच्या जवळ येतं. ४३२ असेल तर ३६. ४८० असेल तर ४०. रिमोटचा एलईडी सेकंदाला किती हजार वेळा लुकलुकतो ते न मोजता कळलं. (रिमोट पडल्यावर मेला आणि सेल ठीक आहेत, तर आधी याच रेझोनेटरचा पाय बघा. माझा निम्मा पावसाळी धंदा या पायावर आणि रबराखालच्या ओल्या कार्बनवर चालतो.) ३६चा रिमोट ३८च्या टीव्हीसमोर धरला तर जवळून चालतो बरं का. दोन फुटांवर खुशाल आवाज वाढेल, सोफ्यावर बसलं की मुका. म्हणून किती अंतरावरून पाहिलं तेही तक्त्यात हवं. काउंटरवर टीव्हीच्या नाकाला लावून पाहिलेला कोड मी मोजत नाही. मी दुकानाच्या उंबऱ्यावरून बघतो, बारा फूट भरतं.

इथवर सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी झालं. यापुढे तक्ता खरा पक्का करायचा असेल तर कोड वाचायला शिका. एक टीएसओपी १७३८ (रिमोटचे किरण पकडणारा तीन पायांचा तुकडा), ज्यातले शेवटचे ३८ म्हणजेच ते किलोहर्ट्झ, आणि एक अर्डुइनो (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा बोर्ड). काहीशे रुपयांत काम भागतं. रिमोट समोर धरून बटण दाबलं की स्क्रीनवर त्या बटणाचा पत्ता (कुठल्या यंत्रासाठी) आणि आज्ञा (काय करायचं) उमटते. मग "माझ्याकडे चालतो, तुझ्याकडे नाही" हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

पण इथेच तक्त्यात नवी घाण शिरते. एलजी टीव्हीच्या पॉवर बटणाचं उदाहरण घ्या. एकाने लिहिलं '२०डीएफ१०ईएफ' (सोळाच्या पद्धतीतले आकडे, ९ नंतर ए ते एफ). दुसऱ्याने लिहिलं 'एनईसी, पत्ता ४, आज्ञा ८'. तिसरा म्हणतो दोन वेगळे कोड आहेत, दोन ओळी करा. दोन्ही एकच आहेत. एनईसी या कोड पाठवायच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब उजेड, मग ४.५ मिलिसेकंद अंधार, मग ३२ बिट (०-१च्या खुणा) येतात, आणि प्रत्येक तुकड्यातला लहान किमतीचा बिट आधी येतो. जो आला त्या क्रमाने वाचतो त्याला २० दिसतं, जो उलटवून वाचतो त्याला ४. १०चे तसेच ८ होतात. तुम्ही सात जण मिळून एकच पद्धत ठरवा. मी पत्ता-आज्ञा अशी लिहितो. आकडे लहान राहतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना तोंडी सांगता येतात. सॅमसंगचं 'ई०ई०४०बीएफ' म्हणजे पत्ता ७, आज्ञा २. सोनीचं 'ए९०' म्हणजे पत्ता १, आज्ञा २१.

लांब आकडाच ठेवायचा असेल तर त्यात एक सोय फुकट मिळते. एनईसीत आज्ञा एकदा सरळ आणि एकदा उलटी (०चा १, १चा ०) पाठवतात. १० आणि ईएफ यांची सोळाच्या पद्धतीत बेरीज केली की एफएफ येतं. ४० आणि बीएफ यांचीही तीच. म्हणजे शेवटच्या दोन जोड्यांची बेरीज एफएफ नसेल तर लिहिणाऱ्याने कुठेतरी चूक केली, टीव्ही समोर नसतानाही कळतं. मी एका संध्याकाळी मित्राचा आलेला तक्ता या बेरजेतून काढला, तर सत्तर ओळींत नऊ चुका सापडल्या. त्यातल्या चार ठिकाणी बी आणि ८ची अदलाबदल. पहिल्या दोन जोड्यांना मात्र ही कसोटी सरसकट लावू नका. काही कंपन्या पत्ता लांब ठेवतात, आणि सॅमसंगमध्ये तर पत्ता तसाच दोनदा येतो.

लर्निंग रिमोटच्या ओळी वेगळ्या पानावर ठेवा. त्यात कोडची यादी नसतेच; मूळ रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं. हा रिमोट कशाकशाला चालतो, असं तक्त्यात लिहिण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक सगळ्यालाच चालतो. लिहायचं ते एवढं: किती बटणं शिकतात, सेल काढल्यावर शिकलेलं राहतं की पुसतं, आणि शिकवताना कशाने अडलं. मी सावलीत, ट्यूबलाइट बंद करून, दोन बोटांच्या अंतरावर, ताजे सेल घालून शिकवतो. आणि बटण टिचकीसारखं दाबायचं, धरून ठेवलं की पुढचं पुढचं शिकून गोंधळतो.

यातली एक गंमत सांगतो, कारण तिने मला आठवडाभर छळलं होतं. एका गिऱ्हाइकाच्या डब्याचा रिमोट शिकवून दिला. तक्रार आली की ११ नंबरचं चॅनल लागत नाही, १ लागतं. १२ लागतं, २१ लागतं, ११ नाही आणि २२ पण नाही. मला वाटलं रबर चिकटतंय. रबर बदललं, तेच. मग अर्डुइनोवर लावून बघितलं तर आरसी-५ निघाला. फिलिप्सची ही पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, १४ बिटांची. त्यात एक बिट असा असतो की बटण सोडून पुन्हा दाबलं की तो पालटतो. त्यावरून डबा ओळखतो, बोट धरून ठेवलंय की दोनदा दाबलंय. लर्निंग रिमोटने एकदा पकडलं ते गोठलं, तो बिट पुन्हा पालटतच नाही. दोनदा १ दाबला तरी डब्याला वाटतं एकच लांब १ आहे. यावर दुकानात इलाज नाही. त्या डब्याला कोडवाला रिमोट द्यायचा, आणि तक्त्यात त्या डब्यासमोर 'आरसी-५, शिकवू नये' लिहायचं.

एसीचं थोडक्यात. एसीचा रिमोट बहुधा दर बटणाला सगळी अवस्था पाठवतो, म्हणजे तापमान, पंख्याचा वेग, मोड, सगळं एका दमात. १८ वर असताना 'तापमान वाढव' शिकवलंत तर ते बटण आयुष्यभर १९च पाठवेल. एसीच्या ओळी टीव्हीच्या तक्त्यात घालू नका.

नव्या स्मार्ट टीव्हीच्या रिमोटात पॉवर तेवढं इन्फ्रारेड किरणांवर आणि बाकी सगळं ब्लूटूथवर असं पुष्कळदा असतं. टीएसओपीला पॉवर दिसतं, दुसरं काही दिसत नाही, आणि माणूस म्हणतो टीएसओपी गेला. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, टीव्हीचा आवाज मात्र किरणांनी वाढवतो. घाईत असाल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिपका दिसला तर किरण. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा गाळणी असते, त्यावर विसंबू नका. तक्त्यात एक रकाना: किरण, ब्लूटूथ की दोन्ही.

आता आपल्या भागाचा खास त्रास. तुमच्यातला चिकोडीवाला कन्नडमध्ये लिहितो, निपाणीवाला मराठीत, बेळगावातला पोरगा इंग्रजीत. माझ्याही काउंटरवर सकाळी "रिमोट केलसा माडंगिल्ल्री" आणि दुपारी "रिमोट चालंना की ओ" असतं, त्यात काही बिघडत नाही. पण तक्त्यात व्हिडिओकॉन चार तऱ्हांनी लिहिलेला असेल तर शोधल्यावर चौथा हिस्साच सापडतो. कंपनीचं नाव टीव्हीच्या कपाळावर ज्या अक्षरांत छापलंय त्याच अक्षरांत लिहायचं. शेरे ज्याला ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत लिहू देत. आकडे मात्र रिमोटच्या बटणांवर असतात तेच, इंग्रजी. आपला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि १ आणि ९ तर मराठी वाचणाऱ्यालाही फसवतात. माझ्या वहीची पहिली पन्नास पानं मराठी आकड्यांत आहेत, अजून पस्तावतोय.

तक्ता कुणी लिहायचा? सगळ्यांनी. पक्का कुणी करायचा? एकानेच. सात जण सात ठिकाणाहून थेट खोडाखोड करू लागले की महिन्यात कुणाचाच राहत नाही. माझ्या ओळखीतले दोघे आहेत, ते नव्या ओळी कच्च्या पानावर टाकतात. दुसऱ्या कुणीतरी आपल्या दुकानात त्याच बोर्डावर पाहिलं की मगच पक्क्या पानावर जाते. अमावास्येला गिऱ्हाईक कमी, त्या दिवशी बसून चढवतात. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कुणी पाहिलं त्याचं अद्याक्षर. आणि 'पाहिलं' की 'ऐकलं', हा एक शब्द. कागदावरून उतरवलेलं, होलसेलवाल्याने सांगितलेलं, व्हिडिओत बघितलेलं, हे सगळं 'ऐकलं'.

न चाललेलंही लिहा. लोकांना हे पटत नाही, वाटतं तक्ता म्हणजे यशाची यादी. पण 'या बोर्डावर ०००पासून १२०पर्यंत या डब्याला एकही कोड नाही' ही ओळ तुमच्या सहा दोस्तांचा प्रत्येकी अर्धा तास वाचवते. फ्री डिशच्या डब्यांना तर अशा ओळींची सगळ्यात गरज आहे. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला आणि लोंढ्याकडे ते घरोघरी आहेत. डबा वेगवेगळ्या कारखान्यांचा, तोंड जवळजवळ एकसारखं. केबलचे डबेही असेच दगा देतात. एका केबलवाल्याने एकदा डबे बदलले, कव्हर तेच ठेवलं, आणि माझ्या अकरा ओळी एका रात्रीत बाद झाल्या. मी त्या खोडल्या नाहीत, पुढे 'जुना डबा' लिहिलं. जुने डबे अजून येतात.

आणि फेल लिहिण्याआधी सेल मोजा. मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास हवा. सव्वाच्या खाली गेलेल्या सेलवर एखादा रिमोट अर्धवट वागतो आणि बिचारा चांगला बोर्ड तक्त्यात कायमचा बदनाम होतो.

कुणी म्हणेल एवढी उठाठेव कशाला, कंपन्यांच्या मोठ्या याद्या आहेत की. आहेत. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांमागे केवढी यादी होती, पण २०२१ मध्ये त्यांनी ते रिमोट बनवणंच थांबवलं. उलट अमेरिकेतल्या हौशी लोकांनी वन फॉर ऑलसारख्या रिमोटांच्या सेलच्या खणातली सहा पिनांची जागा हेरली, बोर्डावर तिच्याशेजारी 'जेपी-१' छापलेलं असायचं. त्यात केबल लावून मेमरी वाचली आणि कुठल्या मॉडेलमध्ये कुठली चिप, किती मेमरी, असे तक्ते बनवले. असा एखादा रिमोट इथेही कुणाच्या अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेतून येतो. झाकण उघडून लिहिण्याची खोड मला त्या तक्त्यांवरूनच लागली.

तुमच्या तीनशे ओळी एकदम तपासायला बसू नका, महिनाभर धंदा बंद पडेल आणि तरी संपणार नाही. सगळ्यांपुढे आज 'ऐकलं' लिहा. गिऱ्हाईक जो टीव्ही, जो डबा घेऊन येईल त्याची ओळ त्याच वेळी तपासा आणि 'पाहिलं' करा. वर्षभर जिला कुणी हात लावला नाही ती मागच्या पानावर टाका. माझा अंदाज, तुमच्या पक्क्या पानावर ऐंशीएक राहतील, आणि खानापूरच्या दुकानाला तेवढ्या पुरतात.

माझ्या वहीतली एक ओळ तीन वर्षं 'ऐकलं' आणि 'पाहिलं' यांच्या मधे लटकून आहे, ती तुम्हाला देतो. लोंढ्याहून आलेला एक डबा, कोडवाला रिमोट, शिकवलेला नव्हे. पाचही बटणं चालतात. पण पॉवरने डबा बंद केला की त्याच बटणाने लगेच चालू होत नाही; मधे आवाजाचं बटण एकदा दाबावं लागतं, मग होतो. मला आरसी-५चाच संशय आहे, रिमोट बनवणाऱ्याने कुठूनतरी गोठलेला कोड उचलून यादीत भरला असावा. पण डबा वाचायच्या आधीच गिऱ्हाईक घेऊन गेलं. तसाच डबा तुमच्याकडे आला तर सोडू नका, दोन्ही झाकणं उघडून बोर्डांचे फोटो पाठवा.